एकाच बेरजेची तीन मुले: यादीतील स्थान शोधताना झालेल्या चुकीचा प्रकरण अभ्यास

पार्श्वभूमी

एका तालुक्यातील काही प्राथमिक शिक्षकांनी एकत्र येऊन इयत्ता पाचवीच्या शिष्यवृत्ती परीक्षेच्या तयारीसाठी सराव परीक्षा घेतली. त्यात २३ शाळा सहभागी झाल्या. ४१२ विद्यार्थ्यांनी नोंदणी केली आणि प्रत्यक्षात ३९७ विद्यार्थी परीक्षेला बसले. मूळ परीक्षेच्या धर्तीवर दोन प्रश्नपत्रिका होत्या. प्रत्येकीत ७५ प्रश्न, प्रत्येक प्रश्नाला दोन गुण, म्हणजे एक पेपर १५० गुणांचा आणि एकूण बेरीज ३०० पैकी. चुकीच्या उत्तराला गुण वजा होत नव्हते. हा तपशील पुढे फार महत्त्वाचा ठरला.

निकालाचे काम एका तरुण शिक्षिकेने हाती घेतले. त्या सुट्टीत पायथन ही प्रोग्रॅमिंगची भाषा शिकल्या होत्या आणि आतापर्यंत रात्र-रात्र बसून हाताने होणारे काम संगणकावर करावे, अशी त्यांची प्रामाणिक धडपड होती. शाळांकडून आलेल्या एक्सेल फाइली शाळा क्रमांकाप्रमाणे एकाखाली एक जोडून त्यांनी तीन याद्या तयार केल्या: एकीत बैठक क्रमांक, दुसरीत नावे आणि तिसरीत गुणांची बेरीज. तिन्ही याद्यांमध्ये एकाच स्थानावर एकाच विद्यार्थ्याची माहिती असेल, हा या रचनेचा आधार होता. अनुपस्थित विद्यार्थ्यांच्या ओळी गाळल्या होत्या, त्यामुळे प्रत्येक यादीत ३९७ घटक होते आणि पायथनची मोजणी शून्यापासून होत असल्याने स्थाने ० ते ३९६ अशी होती.

प्रोग्रॅमकडून तीन कामे अपेक्षित होती: सर्व विद्यार्थ्यांची क्रमांकवारी लावणे, पन्नासाव्या क्रमांकापर्यंतच्या विद्यार्थ्यांची प्रमाणपत्रे छापणे आणि एखाद्या पालकाने बैठक क्रमांक सांगितला तर गुण दाखवणे. तिन्ही कामांत यादीतील घटकाचे स्थान शोधावे लागत होते आणि तिन्ही ठिकाणी त्यासाठी यादीची ‘इंडेक्स’ ही सोय वापरली होती.

समस्या

बक्षीस समारंभाच्या दिवशी क्रमांकवारी फलकावर लावली होती आणि प्रमाणपत्रांचे शाळानिहाय गठ्ठे टेबलावर मांडले होते. यादीत अगदी शेवटी असलेल्या, एका वस्तीवरच्या छोट्या शाळेचे मुख्याध्यापक आपला गठ्ठा शोधत होते. त्यांच्या शाळेचा गठ्ठाच नव्हता. ते शांतपणे शिक्षिकेकडे आले आणि म्हणाले, “मॅडम, फलकावर आमची मुलगी सतरावी आहे. मग तिचं प्रमाणपत्र कुठंय?”

शोधाशोध झाली तेव्हा आणखी काही शाळांनीही तीच तक्रार केली. दुसरीकडे, प्रमाणपत्रांचे गठ्ठे बांधणाऱ्या शिक्षकांनी सांगितले की काही मुलांची प्रमाणपत्रे दोनदा, तीनदा छापून आली होती. प्रिंटरने जास्तीच्या प्रती काढल्या असाव्यात असे समजून त्यांनी त्या बाजूला ठेवल्या होत्या. मोजल्यावर चित्र स्पष्ट झाले. पन्नासाव्या क्रमांकापर्यंत, शेवटी तिघांची बरोबरी असल्याने, ५२ विद्यार्थी होते. कागदही बरोबर ५२ छापले गेले होते. पण त्यांवर नावे केवळ २९ होती. तेवीस मुलांचे प्रमाणपत्र छापलेच गेले नव्हते.

यातून उभा राहिलेला संशय तांत्रिक चुकीहून गंभीर होता. वगळली गेलेली बहुतेक मुले यादीत खाली असलेल्या शाळांतील होती आणि त्या शाळा लहान, दूरच्या, वाड्या-वस्त्यांवरच्या होत्या. “मोठ्या शाळांचीच मुले कशी बरोबर आली?” हा प्रश्न उघडपणे विचारला गेला आणि तो विचारणाऱ्यांना दोष देता येणार नाही. दुसऱ्या दिवशी मला प्रोग्रॅम पाहण्यासाठी बोलावण्यात आले.

कारणाचा शोध

पहिले कोडे असे होते की फलकावरची क्रमांकवारी मात्र बिनचूक होती. तीच यादी, तीच ‘इंडेक्स’, मग एक काम बरोबर आणि दुसरे चूक कसे?

क्रमांकवारी लावताना शिक्षिकांनी गुणांची एक प्रत उतरत्या क्रमाने लावली होती आणि प्रत्येक विद्यार्थ्याचे गुण त्या उतरत्या यादीत कितव्या स्थानी आहेत हे शोधून त्यात एक मिळवला होता. ‘इंडेक्स’ ही यादीच्या सुरुवातीपासून एकेक घटक तपासत जाते आणि पहिला जुळणारा घटक मिळताच त्याचे स्थान देऊन थांबते. २६२ गुण तीन मुलांना होते. उतरत्या यादीत २६२ हा आकडा १६, १७ आणि १८ या स्थानांवर होता. तिन्ही मुलांसाठी ‘इंडेक्स’ने १६ हेच उत्तर दिले, एक मिळवल्यावर तिघांचाही क्रमांक सतरावा आला आणि पुढच्या मुलाचा विसावा. बरोबरीच्या गुणांना समान क्रमांक द्यावा, हा परीक्षेचा नियमच होता. पहिले स्थान देऊन थांबण्याचा ‘इंडेक्स’चा स्वभाव येथे नियमाला तंतोतंत जुळला, आणि म्हणूनच त्यावरचा विश्वास वाढला.

प्रमाणपत्रे छापताना मात्र शोध उलट दिशेने होता. उतरत्या यादीतील एकेक गुण घ्यायचा, मूळ यादीत तो कोठे आहे हे शोधायचे आणि त्या स्थानावरचे नाव छापायचे, अशी ती रचना होती. २६२ हा आकडा मूळ यादीत ४१, २०३ आणि ३८८ या स्थानांवर होता. लूपने, म्हणजे तीच कृती पुन्हा पुन्हा करणाऱ्या कोडने, २६२ तीन वेळा विचारला आणि तिन्ही वेळा उत्तर ४१ असे आले. त्यामुळे एकेचाळीसाव्या स्थानावरच्या मुलाची तीन प्रमाणपत्रे छापली गेली. २०३ आणि ३८८ या स्थानांवरच्या मुलींचे नाव प्रोग्रॅमने एकदाही वाचले नाही. यादी शाळा क्रमांकाप्रमाणे लावलेली असल्याने बरोबरी झाली की आधीच्या शाळेचाच विद्यार्थी निवडला जाणार होता. पक्षपात कोणी केलेला नव्हता, पण यादीच्या क्रमाने तो घडवून आणला होता.

विद्यार्थ्यावरून गुण विचारले तर उत्तर एकच असते. गुणांवरून विद्यार्थी विचारला तर उत्तरे अनेक असू शकतात आणि ‘इंडेक्स’ त्यांतले पहिले देऊन बाकीच्यांविषयी काहीच बोलत नाही. ती इशारा देत नाही, एरर देऊन प्रोग्रॅम थांबवत नाही. तिच्या दृष्टीने काम पूर्ण झालेले असते.

येथे गुणांच्या तपशिलाकडे परत येतो. प्रत्येक प्रश्न दोन गुणांचा आणि वजा गुण नाहीत, म्हणजे बेरीज नेहमी सम संख्या असणार: ०, २, ४ असे करत ३०० पर्यंत एकूण १५१ शक्य बेरजा. परीक्षेला बसलेली मुले ३९७. म्हणजे सर्व १५१ बेरजा वापरल्या गेल्या असे धरले तरी किमान २४६ मुले अशी असणारच की ज्यांची बेरीज यादीत त्यांच्या आधी कोणाची तरी येऊन गेलेली आहे. गुणांची बरोबरी हा येथे अपवाद नव्हता, ती गणिताने अटळ होती. हे प्रोग्रॅम लिहिण्याच्या आधी, कागदावर, दोन मिनिटांत कळण्यासारखे होते, आणि मला वाटते की या प्रकरणातला पहिला हुकलेला निर्णयबिंदू हाच आहे. शिक्षिकांनी प्रोग्रॅम तपासला होता, पण पाच काल्पनिक नावे घेऊन, आणि पाचही जणांना वेगवेगळे गुण देऊन.

दुसरा दोष: न सापडलेला विद्यार्थी

प्रमाणपत्रांचा दोष शोधताना गुण दाखवण्याच्या भागातही एक चूक सापडली. घटक यादीत नसेल तर पायथनची ‘इंडेक्स’ ‘व्हॅल्यू एरर’ देते आणि प्रोग्रॅम तेथेच थांबतो. पालक फोनवर असताना असे थांबणे अडचणीचे वाटल्याने शिक्षिकांनी ती एरर पकडून, न सापडल्यास -१ परत करणारे छोटे फंक्शन (ठरावीक काम करणारा कोडचा तुकडा) लिहिले होते. ही कल्पना निराधार नव्हती. पायथनमध्येच मजकुरात शोध घेणारी ‘फाइंड’ -१ देते. जावा आणि जावास्क्रिप्ट या भाषांची ‘इंडेक्सऑफ’ही -१ देते.

पण पायथनमध्ये यादीचे -१ हे स्थान वैध आहे. त्याचा अर्थ शेवटचा घटक. त्यामुळे अनुपस्थित विद्यार्थ्याचा बैठक क्रमांक टाकला की प्रोग्रॅम यादीतील शेवटच्या मुलाचे ११८ गुण दाखवत असे. परीक्षेच्या दिवशी तापाने घरी असलेल्या एका मुलाच्या वडिलांना फोनवर ११८ गुण सांगितले गेले होते. त्यांनीच नंतर कळवले की मुलगा परीक्षेला गेलाच नव्हता. जावामध्ये -१ स्थानाचा घटक मागितला असता तर प्रोग्रॅम एरर देऊन थांबला असता. जावास्क्रिप्टमध्ये ‘अनडिफाइन्ड’ मिळाले असते. पायथनमध्ये मात्र खरीखुरी दिसणारी, दुसऱ्याच मुलाची माहिती मिळाली. एररमुळे थांबणारा प्रोग्रॅम येथे अधिक प्रामाणिक होता, असे माझे ठाम मत आहे.

विचारात घेतलेले पर्याय

समारंभाच्याच संध्याकाळी, मी येण्याआधी, शिक्षिकांनी एक तातडीची दुरुस्ती करून पाहिली होती. एखाद्या गुणाचे स्थान सापडले की मूळ यादीत त्या जागी -१ लिहायचे, म्हणजे पुढच्या वेळी शोध त्या मुलाला ओलांडून पुढच्यापर्यंत जाईल. पहिल्यांदा चालवल्यावर ५२ नावे बरोबर आली. पण प्रिंटरमध्ये कागद अडकल्याने त्यांनी तोच कोड पुन्हा चालवला, तेव्हा त्रेपन्नाव्या मुलापासून पुढच्यांची प्रमाणपत्रे पडद्यावर दिसू लागली, कारण पहिल्या वेळी वरच्या ५२ जणांचे गुण यादीतून खोडले गेले होते. मूळ माहितीत बदल करून शोध घेण्याचा धोका याहून स्पष्टपणे दाखवता येणार नाही. हा पर्याय त्याच रात्री बाद झाला.

एका अनुभवी शिक्षकांनी एक्सेलमध्ये आपण नेहमी वापरत असलेली युक्ती सुचवली: बरोबरीच्या गुणांत अगदी लहान दशांश मिळवावा, म्हणजे २६२, २६२.००१, २६२.००२ असे आकडे वेगळे होतील. एक्सेलमधील ‘मॅच’ आणि ‘व्हीलुकअप’ या शोध घेणाऱ्या सूत्रांचीही नेमकी जुळणी मागितल्यास पहिल्या ओळीवरच थांबण्याची रीत असल्याने तेथे ही युक्ती प्रचलित आहे. पण तसे केल्याने तिघांचा समान सतरावा क्रमांक मोडून सतरा, अठरा, एकोणीस झाला असता. एक दोष झाकण्यासाठी बरोबर असलेले काम बिघडवणे मान्य होण्यासारखे नव्हते.

तिसरा पर्याय ‘इंडेक्स’लाच शोध कोठून सुरू करायचा ते सांगण्याचा होता. या सोयीला दुसरे मूल्य म्हणून सुरुवातीचे स्थान देता येते; ४१ सापडल्यावर ४२ पासून शोधायला सांगितले की २०३ मिळते, आणि २०४ पासून सांगितले की ३८८. हे योग्य आहे, पण गुण बदलला की सुरुवात पुन्हा शून्यावर आणण्याची आठवण ठेवावी लागते. चौथा पर्याय ‘एन्युमरेट’चा होता: यादीतून एकदा जाताना प्रत्येक घटकाबरोबर त्याचे स्थानही हाती घ्यायचे आणि २६२ जेथे जेथे आहे ती सर्व स्थाने गोळा करायची. ‘२६२ गुण कोणाकोणाला?’ या प्रश्नाचे हे खरे उत्तर आहे.

या टप्प्यावर मी शिक्षिकांना एक प्रश्न विचारला: प्रमाणपत्र छापताना आपल्याला स्थान कशासाठी हवे आहे? थोडा वेळ विचार करून त्या म्हणाल्या, “नावापर्यंत पोचायला.” स्थान हे साध्य नव्हते, गुण आणि नाव आपणच वेगवेगळ्या याद्यांत टाकून त्यांची ताटातूट केली होती, आणि ती भरून काढण्यासाठी स्थान शोधत होतो. गुण नावाबरोबरच ठेवले असते तर शोधण्याची वेळच आली नसती.

वेगाचा मुद्दा बैठकीत कोणीतरी काढलाच. ‘इंडेक्स’ एकेक घटक तपासते, त्यामुळे प्रत्येक विद्यार्थ्यासाठी एक शोध म्हटले तरी ३९७ गुणिले ३९७, म्हणजे जास्तीत जास्त सुमारे १,५७,६०० तुलना होतात. आजच्या साध्या संगणकाला ते काम क्षणभराचे आहे. लाखो नोंदी असत्या तर तो विचार आधी करावा लागला असता. येथे तो गैरलागू होता.

केलेली कार्यवाही

तीन याद्या रद्द करून प्रत्येक विद्यार्थ्याची एक नोंद केली: बैठक क्रमांक, नाव, शाळा आणि गुण एकत्र. या नोंदींची यादी गुणांच्या उतरत्या क्रमाने आणि बरोबरी असल्यास बैठक क्रमांकाने लावली. हा दुसरा क्रम केवळ कागदावर कोण आधी दिसेल यासाठी होता. क्रमांक तिघांना समानच राहिला. यादी लावताना नाव गुणांबरोबरच हलते, त्यामुळे वरच्या ५२ नोंदी घेऊन सरळ छापायच्या, एवढेच काम उरले.

बैठक क्रमांकावरून गुण दाखवण्यासाठी डिक्शनरी, म्हणजे एका खुणेवरून थेट तिच्याशी जोडलेली माहिती देणारी रचना, वापरली, कारण बैठक क्रमांक प्रत्येकाचा वेगळा असतो. येथेही एक गंमत नव्हे तर खरा धोका समोर आला. डिक्शनरीच्या आधी शिक्षिकांनी -१ ऐवजी ‘नन’ (काहीच नाही हे दर्शवणारे मूल्य) परत करून, स्थान मिळाले का हे ‘इफ स्थान’ अशा अटीने तपासून पाहिले होते. यादीतील पहिल्या मुलाचे स्थान शून्य, आणि पायथन शून्याला खोटे मानते. त्यामुळे पहिल्याच मुलासाठी ‘नोंद सापडली नाही’ असे उत्तर आले. ‘इज नॉट नन’ अशी नेमकी अट लिहिल्यावर ते सुटले, पण पहिला आणि शेवटचा घटक वेगळे तपासले पाहिजेत हे सर्वांच्या लक्षात राहिले.

शाळांच्या फाइली जोडताना दोन अडथळे आले. काही बैठक क्रमांक संख्या म्हणून आले होते आणि काही मजकूर म्हणून. ११७ ही संख्या आणि ‘११७’ हा मजकूर पायथनला समान वाटत नाहीत, त्यामुळे डोळ्यांसमोर असलेली नोंदही सापडत नव्हती. सर्व क्रमांक मजकुरात बदलले आणि मागे-पुढे राहिलेल्या मोकळ्या जागा काढल्या.

दुसरा अडथळा मराठी लिहिणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक असावा असा आहे. शाळांच्या हजेरीशी नावे पडताळताना ‘वऱ्हाडे’ हे आडनाव दोन फाइलींत सारखेच दिसत होते, पण तुलना फसत होती. संगणकात अक्षरांना क्रमांक देणाऱ्या युनिकोड या मानकात ‘ऱ’ हे एक स्वतंत्र अक्षर आहे, तेच ‘र’ला नुक्ता (खालचा टिंब) जोडूनही लिहिता येते, आणि अनेक कीबोर्ड साधा ‘र’, हलन्त आणि न दिसणारा ‘झिरो विड्थ जॉइनर’ यांतून तोच आकार उमटवतात. पहिल्या दोन रीती युनिकोडच्या प्रमाणीकरणाने, म्हणजे एकाच अक्षराची वेगवेगळी रूपे एका रूपात आणण्याने, एक होतात. तिसरी होत नाही. ती वेगळा नियम लिहून बदलावी लागली.

परिणाम

तीन दिवसांत नवीन ५२ प्रमाणपत्रे छापली गेली. वगळलेल्या तेवीस मुलांची प्रमाणपत्रे पोस्टाने न पाठवता संयोजक शिक्षक स्वतः त्या त्या शाळेत घेऊन गेले आणि परिपाठाच्या वेळी ती दिली. वस्तीवरच्या शाळेत शिक्षिका स्वतः गेल्या. फळ्यावर ४१, २०३, ३८८ हे आकडे लिहून त्यांनी मुख्याध्यापकांना चूक कोठे झाली ते दाखवले. पक्षपाताचा संशय त्या फळ्यासमोर मिटला. अनुपस्थित मुलाच्या वडिलांनाही फोन करून खुलासा केला.

वेगळे काय करता आले असते

गठ्ठे बांधताना एकाच नावाचे तीन कागद हाती आले, तो क्षण मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. त्या शिक्षकांनी प्रिंटरला दोष दिला, कारण संगणकाचा निकाल चुकणार नाही हे गृहीत होते. ‘जास्त आले ते कोणाऐवजी आले?’ एवढा प्रश्न विचारला असता तर समारंभाच्या आदल्या रात्रीच सर्व उघड झाले असते. हीच तपासणी प्रोग्रॅमला एका ओळीत करता येते: छापलेल्या बैठक क्रमांकांचा ‘सेट’ करून त्याची संख्या ५२ आहे का ते पाहणे. ‘सेट’मध्ये एक मूल्य एकदाच राहते, त्यामुळे उत्तर २९ आले असते. ही ओळ आता छपाईच्या आधी आहे आणि संख्या जुळली नाही तर प्रोग्रॅम थांबतो.

माझ्याही कामात एक उणीव राहिली. पहिल्या दिवशी मी केवळ प्रमाणपत्रांचा भाग पाहिला. ‘इंडेक्स’ आणखी कोठे वापरली आहे याचा शोध दुसऱ्या दिवशी घेतला. त्या मधल्या संध्याकाळी आणखी दोन पालकांना चुकीचे ११८ गुण सांगितले गेले.

तपासणीसाठी पाच नावांच्या जुन्या यादीऐवजी आता सात ओळींची एक फाइल आहे. तिच्या पहिल्या ओळीत सर्वाधिक गुण आहेत, शेवटच्या ओळीत सर्वांत कमी; मधल्या तीन ओळींत २६२ हीच बेरीज तीन वेगवेगळ्या शाळांतून आहे; उरलेल्या दोन ओळींत ‘वऱ्हाडे’ दोन वेगवेगळ्या रीतींनी टंकलेले आहे. यादीत नसलेला एक बैठक क्रमांकही मुद्दाम विचारला जातो आणि त्याचे उत्तर ‘परीक्षेला अनुपस्थित किंवा क्रमांक चुकीचा’ असेच यावे लागते. प्रोग्रॅममध्ये काहीही बदलले की शिक्षिका आधी ही फाइल चालवतात, आणि नंतर शाळांच्या फाइली उघडतात.